झाडूची हद्द

पहाटेचे साडेपाच वाजून गेलेत. मनमाड जंक्शनवरून एक लांब पल्ल्याची गाडी नुकतीच हलली आहे. ती आली मुंबईहून, चालली भुसावळकडे. तिच्या मागं राहिलेला पसारा, म्हणजे चहाचे कागदी कप, वड्याचे तेलकट कागद, कुणाच्या तरी बाळाचा लोकरी पायमोजा, एक मावशी लांब दांड्याच्या झाडूनं पुढं लोटत चालल्यात. अंगात ठेकेदाराचं निळं जाकीट. पाठीवरची अक्षरं धुऊन धुऊन निम्मी गेलेली. थंडी इथली कोरडी, ओठ फोडणारी. मावशींनी कानाला मफलर गुंडाळलाय आणि त्यावरून पदर.

फलाट संपवून त्या बाहेर येतात, मी मागोमाग. स्टेशनच्या दारापुढं रिक्षा उभ्या राहतात तिथपर्यंत लाल-करड्या ठोकळ्यांची फरशी आहे. मावशी झाडत झाडत फरशीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातात आणि थांबतात. पुढं डांबर. डांबरावर दुसरी एक बाई आहे, वयानं लहान, हातात खराटा, जाकीट नारिंगी. ती रस्त्याकडून झाडत येते आणि डांबराच्या कडेला थांबते. दोघींच्या मध्ये वीतभर पट्टा उरतो. त्यात तीन कप, केळ्याची साल आणि गुटख्याच्या पुड्या.

"हे कुणाचं?" मी विचारतो.

"ज्याचा साहेब आधी येईल त्याचं," नारिंगी जाकीटवाली म्हणते, आणि दोघी हसतात.

दोघी राहतात एकाच वस्तीत, येतात एकाच रिक्षानं. काम तेच, वेळ तीच, धूळही तीच. पण निळं जाकीट रेल्वेच्या ठेक्यातलं आणि नारिंगी नगरपालिकेच्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं ही वाटणी केली ती अशी : रेल्वे, खाणी, मोठी बंदरं, केंद्राच्या कायद्यानं उभी राहिलेली महामंडळं इथल्या कामाचा दर केंद्र सरकार ठरवणार, बाकी सगळ्याचा राज्य सरकार. म्हणजे मावशींचा आकडा दिल्लीत ठरतो, हिचा मुंबईत. दिल्लीचा महागाईभत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये हलतो, मुंबईचा 'विशेष भत्ता' जानेवारी आणि जुलैमध्ये. त्यामुळं वर्षातून चार वेळा एकीचा आकडा सरकतो तेव्हा दुसरीचा जागच्या जागी असतो.

केंद्रानं देशाचे तीन भाग पाडलेत : अ, ब आणि क. २०१७ च्या जानेवारीत झाडलोटीच्या अकुशल कामाचा मूळ दर ठरला, तो रोजाचा अ क्षेत्रात ५२३ रुपये, ब मध्ये ४३७ आणि क मध्ये ३५०. त्यावर भत्ता चढत चढत ऑक्टोबर २०२४ मध्ये अ क्षेत्राचा आकडा ७८३ वर गेला. अ म्हणजे मुंबई, पुणे, दिल्ली अशी शहरं. मनमाड क मध्ये. आता गेली ती गाडी मुंबईहून आलेली. त्यातले कप प्रवाशांनी तिथंच टाकले असते, तर ते उचलणाऱ्या बाईचा मूळ दर मावशींच्या जवळजवळ दीडपट असता.

मावशींना हे सांगावं की नाही, याचा मी विचार करतोय, तेवढ्यात त्याच म्हणतात, "मुंबईला जास्ती आहे, ठावं आहे आम्हाला. पण तिथं खोली कुठं मिळायची भाऊ?"

बरोबर आहे. भाड्याचा मुद्दा मला पटतो. शहर महाग, म्हणून शहराचा दर चढा, यात काही वावगं नाही. पण त्याच २०१७ च्या तक्त्यात शेतीची रांग आहे. तिथं अकुशल मजुराचा मूळ दर अ मध्ये ३३३, ब मध्ये ३०३, क मध्ये ३००. अ क्षेत्रात बसून केंद्राची शेती करणारा माणूस कोण, हा गमतीचा प्रश्न बाजूला ठेवू. असेल एखाद्या संशोधन केंद्राच्या प्लॉटवर. पण त्याचं खोलीभाडं झाडूवालीपेक्षा १९० रुपयांनी स्वस्त कसं? भूक स्वस्त कशी? तिथं भाड्याचं उत्तर चालत नाही.

"तुम्हाला रोज किती पडतो?" मी नारिंगी जाकिटाला विचारतो.

"खात्यावर येतात. पोरगा बघतो मोबाइलवर." मग जरा थांबून, "माझी बहीण दुसऱ्या गावी होती ठेक्यात. तिचे तर खात्यावर पुरे यायचे. फक्त एटीएमचं कार्ड मुकादमाकडं."

मावशी झाडू उलटा करून दांड्यानं तीन कप डांबरावर सारतात. खराटा ते उचलतो. आज नगरपालिकेची पाळी दिसते.

आठच्या सुमाराला ऊन चढतं आणि दूरवर हडबीच्या शेंडीचा सुळका स्पष्ट दिसायला लागतो. डेपोकडच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपुढं बाकडं आहे. त्यावर सगळे ज्यांना नाना म्हणतात असे एक गृहस्थ बसलेत. पांढरी टोपी, पायात रबरी चप्पल, उजवा खांदा डाव्यापेक्षा स्पष्ट खाली. भारतीय अन्न महामंडळाच्या धान्य डेपोत त्यांची उभी हयात गेली. मनमाडला 'डेपो' म्हटलं की हाच. पंजाब-हरियाणाकडून गव्हाची, तांदळाची रेक लागते, वॅगनची दारं उघडतात, माणसं पाठीवर पोती घेऊन गोदामात थप्पी लावतात, पुन्हा थप्पी मोडून ट्रकमध्ये भरतात.

"आमच्या उमेदीत क्विंटलचं पोतं होतं," नाना सांगतात. "आता पन्नास किलो. पोरं तरी 'आई गं' करतात."

ते खात्याचे हमाल होते. हा शब्द इथं फार महत्त्वाचा आहे, आणि नाना तो उच्चारताना किंचित ताठ होतात. महामंडळाच्या गोदामांतून देशभर जी हमाली चालते, तिच्यात चार जातींची माणसं आहेत. एक खात्याचे, म्हणजे नोकरीत कायम. दुसरे 'डीपीएस'चे, ज्यांना मधल्या ठेकेदाराशिवाय महामंडळ थेट पैसे देतं. तिसरे 'नो वर्क नो पे'चे, रेक लागली तर दाम. चौथे ठेक्याचे. २०१५ च्या जानेवारीत महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीनं अहवाल दिला, त्यात यांच्यावर महिन्याकाठी माणशी होणारा खर्च मांडलाय. खात्याचा हमाल सुमारे ७९,५०० रुपये. डीपीएसचा २६,०००. ठेक्याचा सुमारे १०,०००.

पोतं सगळ्यांना पन्नास किलोचंच.

या आकड्यांसमोर मी पहिल्यांदा थबकलो तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. प्रांताचा फरक नाही, धंद्याचा नाही, कौशल्याचा तर नाहीच. एकाच मालकाची गोदामं, एकच रेक. फरक कसला, तर माणूस कुठल्या दारानं आत आला याचा. ज्या डेपोंत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली ठेकेदारी बंद झाली, तिथल्या माणसांना खातं मिळालं, संघटना मिळाली, पोत्यामागचा जादा भत्ता मिळाला. जिथं झाली नाही तिथं ठेकेदार राहिला.

नाना चहा बशीत ओततात. "पेपरात आलं होतं ना, हमालाला ऐंशी हजार म्हणून? माझा जावईसुद्धा तेव्हा माझ्याकडं बघायला लागला. आता काही ठिकाणी एकाच्या नावावर दुसरेच पोती उचलायचे, ते खरं. ते वाईटच. चोरीच म्हणा." बशी खाली ठेवतात. "पण दहा हजारवाल्याबद्दल कुणी काही बोललं का पेपरात?"

नाही बोललं. मला तरी आठवत नाही. समितीचा रोख महागड्या हमालावर होता, आणि जमाखर्चाच्या नजरेनं तो असणारच. ठेक्याचा हमाल स्वस्त पडतो ही तिथं जमेची बाजू धरली गेली. कुणाला तरी स्वस्त पडणं हाच ज्याचा गुण, त्याच्या घरी महिनाअखेर काय होतं हा त्या अहवालाचा विषय नव्हता.

टपरीवर एक तरणा पोरगा येतो, मानेला गमछा, केसांत गव्हाची धूळ. नाना त्याला चहा पाजतात. हा ठेक्यातला. "नाना, तुमच्या टायमाला लागायला पाहिजे होतं," तो म्हणतो. नाना म्हणतात, "तुझा बाप तेव्हा शेती सोडायला तयार नव्हता." दोघंही त्यावर पुढं काही बोलत नाहीत. पोरगा बिस्किटाचा पुडा फोडतो.

दहा वाजता मी बाजार समितीच्या आवारात आहे. लाल कांद्याचे दिवस. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगांत उभ्या, वर मोकळा कांदा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीवर सरकतो. एकजण हात घालून मधला कांदा बाहेर काढतो, अंगठ्यानं दाबतो, फेकतो. पुकारा वाढत जातो, तुटतो, चिठ्ठी फाटते. शेतकरी चिठ्ठी बघतो आणि ट्रॅक्टर काट्याकडं वळवतो. सगळं मिळून दोन मिनिटं.

इथला हमाल वेगळ्या वहीत. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राचा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. मजुरी माथाडी मंडळामार्फत, आणि मजुरीवर लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा. देशात फार थोड्या ठिकाणी पाठीवर ओझं वाहणाऱ्याला असं छप्पर मिळालंय. आणि तरी त्याच छपराखाली भांडण पेटलेलं असतं. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, मग तोलाई कुणाची आणि लेव्ही कशावर, असा व्यापाऱ्यांचा सवाल. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच वादानं नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव अडून बसले होते.

"तेव्हा घरात बसून काढले दिवस," टोळीतला एकजण सांगतो. "लेव्ही व्यापाऱ्याची, हक्क आमचा, आणि शिव्या शेतकऱ्याच्या."

पण माथाडीचं छप्पर जिथं संपतं ते ठिकाण मला बघायचंय. ते फार लांब नाही. व्यापाऱ्याचं खळं : पत्र्याची लांबलचक शेड, जमिनीवर कांद्याचा ढीग आणि ढिगाच्या कडेनं बसलेल्या बाया. गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा, सडका वेगळा. त्यांचे हात बघत मी उभा राहतो. डावा हात कांदा उचलतो, अंगठा देठावरून फिरतो, पात सुटते, आणि डोळा पोहोचायच्या आत कांदा योग्य ढिगात पडलेला असतो. एका बाईला मी विचारतो, बघायच्या आधी कसं कळतं? "वजनावरून," ती म्हणते. "आत सडला की हलका लागतो."

रोज? बाईला तीनशे, गड्याला पाचशे. गडी गोणी शिवतो, थप्पी मारतो, म्हणून. समान मोबदल्याचा कायदा १९७६ चा होता, पण तो 'सारख्या कामाला' म्हणायचा, आणि काम सारखं नाही एवढं म्हटलं की झालं. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात कुठल्या अनुसूचीत हे खळं बसायचं? शेती म्हणावं तर कांदा शेतातून निघून गेलाय. दुकान म्हणावं तर इथं गिऱ्हाईक नाही. बायांना याचं सोयरसुतक नाही आणि खळेवाल्यालाही नाही. तो माझ्याकडं बघून विचारतो, "कुठल्या खात्याकडून आलात?" मी नुसता बघायला आलोय, यावर त्याचा विश्वास बसत नाही. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा येतो.

जेवणाची सुट्टी होते. डबे उघडतात : भाकरी, ठेचा, एकीकडं मेथी. पाण्याच्या बाटल्या मात्र प्रत्येकीनं घरून आणल्यात, आणि डबा धुताना पाणी किती जपून वापरतात ते बघण्यासारखं आहे. मनमाड आणि पाणी हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं इथं पंधरा-वीस दिवसांआड नळ आला. वागदर्डीचं धरण तळाला गेलं की गावाचं सगळं वेळापत्रक टँकरवर.

"उन्हाळ्यात पाण्याला किती जातात?" मी विचारतो.

"मोजलं नाही कधी. प्यायचा जार, वर ड्रम... मोजलं तर रडू येईल," एकजण म्हणते, आणि बाकीच्या हसतात.

किमान वेतन काढायचं सूत्र आपल्याकडं १९५७ सालचं, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं ठरवलेलं. कुटुंबात खाणारी तीन माणसं धरायची, प्रत्येकाला २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेला एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढं सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला लावले. सूत्र चांगलं आहे; १९५७ साली ते लिहिणाऱ्यांनी गरीब माणसाच्या ताटाकडं नीट पाहिलं होतं. पण त्यात पाण्याचा रकाना नाही. तेव्हा पाणी विकत घ्यायची वस्तू नव्हती. आज मुंबईतल्या चाळीत नळाला पाणी येतं आणि तिथला दर अ क्षेत्राचा. इथं पाणी विकत, आणि दर क क्षेत्राचा. कारण लहान गावात जगणं स्वस्त असतं असं तक्त्यानं गृहीत धरलंय. खोली स्वस्त आहे, मान्य. पाण्याचं काय करायचं?

दर कुठं बसवायचा, याची घासाघीस वरही चालते. २०१९ साली अनुप सत्पथी समितीनं आहार, कपडे, घर सगळं नव्यानं मोजून देशासाठी रोजचे ३७५ रुपये सुचवले होते, आणि एकच आकडा नको असेल तर पाच विभाग पाडून ३४२ ते ४४७. त्याच वर्षी सरकारनं राष्ट्रीय तळाचा दर १७६ वरून १७८ केला. दोन रुपये. तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात तळदर केंद्र ठरवणार आणि त्याखाली कुणा राज्याला जाता येणार नाही, अशी तरतूद आहे. अनुसूचीतले धंदे, बिगर-अनुसूचीतले धंदे हा भेदही गेला. खळ्यातल्या बायांसाठी ही खरोखर चांगली बातमी आहे. मी ती त्यांना सांगतो. "कधीपासून?" एक विचारते. लागू झालंय म्हणतो. ती खळेवाल्याकडं बघते, खळेवाला मोबाइलमध्ये बघतो.

दुपारी मालेगावच्या रस्त्यावर, नगरपालिकेची हद्द संपते तिथं मी एका सिमेंट-पत्र्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात बसलोय. शेठ ओळखीचे आहेत, बोलके आहेत. दुकान गावात, गोदाम हद्दीबाहेर. जागा स्वस्त पडते. हाताखाली एक पोरगा आहे, विशीतला. तो सकाळी दुकानात माल दाखवतो, दुपारी मोटारसायकलवरून इथं येऊन पोती उतरवून घेतो.

महाराष्ट्रानं किमान वेतनासाठी परिमंडळं केलीत. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या बाबतीत, ढोबळमानानं, महापालिका म्हणजे परिमंडळ एक, मनमाडसारख्या नगरपरिषदा म्हणजे दोन, उरलेला मुलूख तीन. २०१९ च्या अधिसूचनेत अकुशल कामगाराचं महिन्याचं मूळ वेतन एक नंबरात १०,०२१, दोनात ९,४२५, तीनात ८,८२८. एका परिमंडळातून दुसऱ्यात उतरलं की सहाशेला तीन-चार कमी. इथून थेट मालेगावात गेलं, की तिथं महापालिका, म्हणजे दर दोन पायऱ्या वर. विशेष भत्ता यावर वेगळा.

शेठना मी हे सांगतो. त्यांना त्यातलं निम्मं माहीत आहे. "मी सरसकट दहा देतो," ते म्हणतात. "दोन नंबर नाही की तीन नंबर नाही."

"भत्ता धरून?"

"भत्ता कसला?" ते माझ्याकडं असे बघतात की मीच तो मागतोय. "अहो, माझी दोन माणसं. हे मोठ्या कारखान्यांना असतं."

दोन असोत की दोनशे, दर तोच, असं मी म्हणतो. शेठ कॅल्क्युलेटर ओढतात. पोरगा पोत्यावर बसून ऐकतोय. त्याचा बाप पलीकडच्या गावात रोजगार हमीच्या बांधावर जातो. त्या कामाचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, हे पोराला तोंडपाठ आहे, कारण बापाचा हप्ता मोबाइलवर तोच बघतो. बांधावरच्या याच खोदाईला गोव्यात ३७८ आहेत, हरियाणात ४००, आणि इथून रेल्वेनं काही तासांवरच्या मध्य प्रदेशात २६१, असं मी सांगतो. हे अंतर कुठून आलं, तर बरीच वर्षं मागं प्रत्येक राज्यात जो दर होता तो पाया धरून वर महागाईचा निर्देशांक लावत गेले. जो खाली होता तो खालीच राहिला.

"हरियाणात माती वेगळी आहे का?" पोरगा विचारतो. चेहरा गंभीर. थट्टा करतोय की काय, मला कळत नाही.

शेठचं गणित होतं. मान हलवतात. "आता तुम्हीच सांगा. हा सकाळी आत, दुपारी बाहेर. ह्याला मी नंबर दोनचा देऊ का तीनचा?"

"जिथं जड काम करतो तिथला द्या शेठ," पोरगा म्हणतो.

"जड काम तर इथंच. सिमेंट इथंच उतरतं. आणि इथला तर कमी आहे रे."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतो. पोरगा उठतो, डोक्याला पोतं बांधतो.

"मग सिमेंट आत घ्या ना, हद्दीत. दुकानामागं जागा आहे."

"तिथलं भाडं माहितीय का तुला?" शेठ ओरडतात.

"तेच तर म्हणतो मी," तो ट्रकच्या फळीवरची साखळी सोडत म्हणतो.